तेरा दिवसांखाली गाडलेलं शतक

टेक्सासमधल्या चौथीच्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो 6 मार्च 1836 ही तारीख बिनचूक सांगतो. त्या दिवशी, उजाडायच्या आत, सॅन अँटोनियोतल्या अलामो या जुन्या मिशनवर मेक्सिकोच्या सैन्याने चारी बाजूंनी चाल केली. तासा-दीड तासात आतले जवळपास सगळे लढवय्ये मारले गेले आणि तेरा दिवसांचा वेढा संपला. पुढे याच पराभवाची रणगर्जना झाली. ‘अलामो विसरू नका’ असं ओरडत टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टन याची माणसं 21 एप्रिलला सॅन हासिंतोच्या माळावर तुटून पडली, 18 मिनिटांत लढाई जिंकली आणि टेक्सास मेक्सिकोपासून वेगळा देश झाला.

आता त्याच अलामोच्या दारासमोर उभं राहून जरा मान वर करा. कमानीच्या मधोमध बसवलेल्या दगडावर दुसरंच साल कोरलेलं आहे : 1758. दाराच्या दोन्ही अंगांना पीळ दिलेले दगडी खांब आहेत, शिंपल्याच्या आकाराची छत्री असलेले कोनाडे आहेत, कमानीवर फुलं-पानं कोरलेली आहेत. खालच्या दोन कोनाड्यांत संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांची जागा. लढाईसाठी असं दार कोणी बांधत नाही. हे दार बांधून घेणाऱ्यांच्या आणि त्याचा दगड फोडणाऱ्यांच्या मनात काही वेगळंच होतं. ते काय होतं, हे त्या चौथीच्या मुलाला फारसं कोणी सांगत नाही.

मी वसईची. शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर वर्षातले बरेच महिने मी सॅन अँटोनियोला मुलाकडे असते. पडक्या चर्चच्या भिंती आणि त्या भिंतींवर झालेली तोफांची मारगिरी हा विषय माझ्या अंगणातला आहे. म्हणून अलामोबद्दल मला जे वाटतं ते मी परक्याच्या घरात नाक खुपसायचं म्हणून लिहीत नाही. तेरा दिवसांनी तिथल्या सव्वाशे वर्षांची जागा बळकावली आहे. हे आधी आपोआप झालं होतं. आता मात्र ते तसंच राहावं म्हणून सत्तेतली माणसं जोर लावताहेत, आणि तो अन्याय आहे.

मुळापासून सांगते. 13 जून 1691 रोजी स्पॅनिश लोकांची एक मोहीम इथल्या नदीकाठी पोचली. तो दिवस पादुआच्या संत अंतोनीचा, म्हणून नदीला आणि गावाला त्याचं नाव पडलं. 1718 मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दे ओलिव्हारेस यांनी मिशन स्थापलं. त्याला संताचं नाव दिलं आणि त्या वेळच्या व्हाइसरॉयचं, मार्केस दे व्हालेरोचंही : सॅन अँटोनियो दे व्हालेरो. एका वादळात झोपड्या उडाल्या, म्हणून 1724 मध्ये मिशन आजच्या जागी आलं. दगडी चर्चचं काम 1744 मध्ये निघालं, ते कोसळलं. मग पुन्हा नव्याने उभारायला घेतलं, आणि 1758 चा दगड त्या दुसऱ्या प्रयत्नातला. दोन मनोरे आणि वर घुमट असा बेत होता. तो कधीच पुरा झाला नाही. म्हणजे 1836 साली ज्या चर्चसाठी माणसं मेली, त्याला धड छप्परही नव्हतं.

हा दगड फोडला कोणी? पायाया, शारामे आणि अशाच लहान लहान टोळ्यांतल्या लोकांनी. त्या सगळ्यांना मिळून आज कोआविल्तेकन म्हणतात. शिकार, कंदमुळं आणि निवडुंगाची फळं यांवर जगणारी ही माणसं मिशनमध्ये का आली? उत्तरेकडून अपाचे टोळ्या त्यांच्यावर चालून येत होत्या, दक्षिणेकडून स्पॅनिश वसाहती पसरत होत्या, आणि गोऱ्यांबरोबर आलेल्या देवी-गोवराने वस्त्या ओस पडत होत्या. मिशनमध्ये पोटाला मका मिळे, भिंतीचा आसरा मिळे. त्या बदल्यात घंटेवर उठायचं, घंटेवर प्रार्थनेला जायचं, घंटेवर शेतात. पळून गेलेल्यांना शिपाई शोधून परत आणत, फटकेही बसत. मी स्वतः ख्रिस्ती, फ्रान्सिस्कन परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ही गोष्ट मी गुळमुळीत करणार नाही. मिशन म्हणजे धर्माचं काम होतं आणि त्याच वेळी ते स्पेनच्या साम्राज्याचं ठाणंही होतं.

तरीही त्या लोकांनी तिथे जे उभं केलं ते पाहून छाती भरून येते. मी वाडीत वाढले. रहाटाचं पाणी पाटाने केळीला कसं द्यायचं, कुठे दारं धरायचं, हे आमच्या घरी शाळेआधी शिकवलं जाई. त्यामुळे सॅन अँटोनियोत आले की माझे पाय अलामोपेक्षा शहराच्या दक्षिणेला एस्पादा मिशनकडे वळतात. तिथे 1740 च्या दशकात बांधलेला दोन कमानींचा दगडी पूल आहे. त्याच्या खालून ओढा वाहतो आणि वरून पाट. नदीला बांध घालून वळवलेलं पाणी केवळ उताराच्या जोरावर ओढा ओलांडून शेतापर्यंत जातं. पंप नाही, यंत्र नाही. दगडाला दगड असा बसवलाय की अजून पाणी वाहतं आहे. काठाशी वाकून पाण्यात बोटं बुडवली की ओढ हाताला कळते. मिशनच्या काळात इथे शेताशेताला पाळीने पाणी मिळे, पाट साफ करायलाही सगळ्यांनी जायचं असे. अलामोच्या शेतांनाही असाच मोठा पाट होता. अलामो आणि एस्पादा धरून अशी पाच मिशनं या नदीकाठी आहेत, आणि 2015 मध्ये युनेस्कोने या पाचांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. बाकीच्या चार मिशनांच्या चर्चमध्ये आजही रविवारची मिस्सा होते. एकट्या अलामोत होत नाही.

एक धागा वसईकरांना आणखी जवळचा आहे. आमचा संत गोन्सालो गार्सिया जन्माने वसईचा, फ्रान्सिस्कन बंधू. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यात तो होता. त्याच 26 जणांत फेलिपे दे हेसूस नावाचा मेक्सिको शहरात जन्मलेला तरुण फ्रान्सिस्कन होता. तो मेक्सिकोचा पहिला संत. 1862 मध्ये दोघांना एकाच वेळी संतपद मिळालं. टेक्सासमध्ये मिशनं उभारणारे फ्रान्सिस्कन मेक्सिकोतूनच आले होते. वसई आणि सॅन अँटोनियो यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी पसरली आहे, पण दोन्हीकडे एकाच संघाचे लोक पोचले होते. वसई किल्ल्यातलं फ्रान्सिस्कनांचं जे चर्च पडक्या स्थितीत उभं आहे, तेही संत अंतोनीचंच.

त्या लोकांच्या भाषेचं काय झालं, तेही सांगायला हवं. 1760 मध्ये बार्तोलोमे गार्सिया या फ्रान्सिस्कनाने इथल्या लोकांच्या भाषेत संस्कारविधीची एक पुस्तिका तयार केली. आपल्याकडे 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, हे मराठी वाचकाला माहीत आहे. मिशनऱ्यांनी तिथल्या लोकांची भाषा शिकून लिहायचं, ही रीत दोन्हीकडची. पण मराठी जिवंत राहिली, वाढली, आज तिच्यात हा लेख छापून येतो आहे. कोआविल्तेकन भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. तिच्याबद्दल आज जे कळतं त्यातलं बहुतेक त्या एका पुस्तिकेतून कळतं. 1739 मध्ये देवी आणि गोवराच्या साथीने इथल्या मिशनांत हाहाकार उडाला. त्याच साली वसई पडली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात सालं अशी शेजारी येऊन बसतात.

मिशनच्या दफनाच्या नोंदवहीत हजाराहून अधिक माणसांची नोंद आहे. चर्चच्या आत, अंगणात, आसपास, सगळीकडे पुरलेली माणसं. अलामोचं अंगण म्हणजे दफनभूमी आहे, ही साधी गोष्ट तिथे आलेल्या लाखो पर्यटकांना माहीत नसते. 2019 मध्ये चर्चच्या आत उत्खनन चाललं असताना मानवी अवशेष सापडले, तेव्हा कुठे ही गोष्ट बातमीत आली. कोआविल्तेकनांचे वंशज अजून सॅन अँटोनियोत आहेत. आपल्या पूर्वजांच्या अस्थींबद्दल आपल्याला विचारा, एवढं म्हणण्यासाठी त्यांच्या ताप पिलाम या गटाला कोर्टात जावं लागलं.

पुढचा काळ भरभर सांगते. 1793 मध्ये मिशन बंद झालं, जमीन उरलेल्या कुटुंबांत वाटली गेली. 1803 मध्ये कोआविलातल्या अलामो दे पार्रास इथलं घोडदळाचं पथक रिकाम्या इमारतीत मुक्कामाला आलं, त्याच्या गावाचं नाव इमारतीला चिकटलं असं मानतात. पथकाने तिथे गावातला पहिला दवाखानाही चालवला. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला.

मग येतात ते तेरा दिवस. त्यांच्याबद्दलही मला बोलायचं आहे, कारण तिथेही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. मेक्सिकोचा अध्यक्ष सांता आन्ना हुकूमशहा झाला होता, त्याने 1824 ची राज्यघटना गुंडाळली होती, विरोध करणाऱ्या साकातेकास प्रांतात 1835 मध्ये त्याने रक्ताचा सडा घातला होता. त्याच्याविरुद्ध उठणाऱ्यांना कारण होतं, हे मान्य करायलाच हवं. पण दुसरं कारणही होतं. अमेरिकेतून टेक्सासमध्ये आलेल्या मळेवाल्यांना कापूस पिकवायला गुलाम हवे होते, आणि मेक्सिकोने 1829 मध्ये गुलामगिरी बंद केली होती. टेक्सासला तेव्हा सूट मिळाली, पण ती किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता. 1836 मध्ये टेक्सासमध्ये सुमारे पाच हजार गुलाम होते. त्याच वर्षी झालेल्या नव्या देशाच्या घटनेत असं कलम घातलं की काँग्रेसच्या परवानगीशिवाय मालकालाही आपल्या गुलामाला मुक्त करता येणार नाही, आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला त्या देशात कायम राहता येणार नाही. हे कागदावर आहे. यात मत-मतांतराला जागा नाही.

अलामोच्या आत विल्यम ट्रॅव्हिस हा 26 वर्षांचा सेनापती होता, आजारी जिम बोवी होता, टेनेसीचा माजी खासदार डेव्ही क्रॉकेट होता. ही तीन नावं सगळ्या जगाला ठाऊक. पण तिथे जो नावाचा एक माणूस होता, ट्रॅव्हिसचा गुलाम. पहिल्याच धुमश्चक्रीत मालक पडला, जो वाचला. पुढे टेक्सासच्या मंत्रिमंडळापुढे उभं राहून वेढ्याची हकिगत त्याने सांगितली. आज आपल्याला त्या पहाटेबद्दल जे माहीत आहे त्यातला मोठा भाग त्याच्या तोंडचा आहे. ऐकून घेणाऱ्यांनी त्याला काय दिलं? ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत त्याची गणना झाली. सॅन हासिंतोच्या विजयाचा पहिला वाढदिवस आला, 21 एप्रिल 1837, आणि त्याच दिवशी जो पळून गेला. त्याला पकडून देणाऱ्यासाठी वर्तमानपत्रात बक्षीस जाहीर झालं. टेक्सासच्या स्वातंत्र्याचा अर्थ विचारायचा तर मी आधी त्याला विचारीन.

आणि ग्रेगोरिओ एस्पार्सा. सॅन अँटोनियोचाच, मेक्सिकन वंशाचा, तोफेवर लढताना मेला. त्याचा सख्खा भाऊ फ्रान्सिस्को सांता आन्नाच्या बाजूला होता. लढाईनंतर सांता आन्नाने बचाव करणाऱ्यांची प्रेतं चिता रचून जाळली, पण फ्रान्सिस्कोने सेनापती कोसकडे विनवणी करून भावाचं प्रेत मागून घेतलं आणि ख्रिस्ती रीतीने पुरलं. त्या रक्षकांत एवढा एकच दफन झाला. त्याची बायको आणि मुलं चर्चमध्येच होती. मुलगा एन्रिके म्हातारपणी वार्ताहरांना ही हकिगत सांगत असे. एका घरातले दोन भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना होते, तर मग हा ‘टेक्सास विरुद्ध मेक्सिको’ असा सरळ सामना होता असं कसं म्हणायचं? हुआन सेगीनचंही तेच. तो अलामोतून निरोप घेऊन बाहेर पडला म्हणून वाचला, सॅन हासिंतोला टेक्सासकडून लढला, 1837 मध्ये त्याने अलामोच्या राखेला सन्मानाने मूठमाती दिली, शहराचा महापौर झाला. आणि 1842 मध्ये नव्याने आलेल्या गोऱ्यांच्या संशयामुळे त्यालाच मेक्सिकोत पळावं लागलं.

माझ्या नातवाने शाळेसाठी पुठ्ठ्याचा अलामो केला होता. समोरच्या भिंतीवर मधोमध ती उंचवट्याची नक्षीदार कड, जी टी-शर्टांवर, मगांवर, बिल्ल्यांवर सगळीकडे असते. मी त्याला सांगितलं, लढाईच्या वेळी ही कड नव्हती रे. ती 1850 मध्ये अमेरिकी लष्कराने बांधली, इमारतीत कोठार करायचं होतं आणि वर छप्पर घालायचं होतं म्हणून. तो म्हणाला, “मग आजी, मिशनच्या वेळी हे कसं दिसत होतं?” अगदी हाच प्रश्न टेक्सासने स्वतःला विचारायला हवा.

मिशनचं जे काही आज तिथे उरलं आहे, तेही एका बाईच्या हट्टामुळे. राज्याने 1883 मध्ये चर्च विकत घेतलं. शेजारची लांब इमारत, म्हणजे धर्मगुरूंचा मठ, किराण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे होती. 1905 मध्ये तीही राज्याकडे आली. देखभाल करणाऱ्या महिला संघटनेत तंटा सुरू झाला. क्लारा ड्रिस्कॉल म्हणत होती, ही इमारत पाडा म्हणजे चर्च उठून दिसेल. अडिना दे झवाला म्हणत होती, हाच मूळ मठ, आणि सगळ्यांत भयंकर लढाई इथेच झाली. 1908 च्या फेब्रुवारीत तिने स्वतःला त्या इमारतीत तीन दिवस कोंडून घेतलं. ती टेक्सासच्या पहिल्या उपाध्यक्षाची नात, मेक्सिकन रक्ताची. पुढे वरचा मजला पाडला गेलाच, पण खालच्या भिंती राहिल्या. त्या मूळ मिशनच्याच आहेत, हे आज सगळे मान्य करतात. 2000 साली चर्चच्या आतल्या खोलीत चुन्याच्या थरांखाली मिशनच्या काळातली रंगीत नक्षी सापडली. फिकट, तुटक. वेढ्याच्या वेळी बायका-मुलं याच बाजूला लपली होती. तिथे गेलात तर थांबा आणि भिंतीकडे नीट पाहा, गाइड पुढे गेला तरी जाऊ द्या.

आता वर्तमानाकडे येते, कारण मला लिहायला बसवलं ते त्यानेच. अलामोसमोरच्या जुन्या इमारतींत आता मोठं संग्रहालय होतं आहे, एकूण विकासाचा खर्च पन्नास कोटी डॉलरच्या घरात. त्यातली एक वूलवर्थची इमारत. 1960 च्या मार्चमध्ये तिथल्या खाण्याच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना गोऱ्यांबरोबर बसून जेवायची मुभा मिळाली, तीही दंगा न होता. म्हणजे त्या एका चौकात मूळ रहिवासी आहेत, स्पॅनिश आहेत, मेक्सिकन आहेत, गोरे आहेत, कृष्णवर्णीय आहेत. एवढी माणसं एका जागी आलेली असताना संग्रहालय करणाऱ्याचं भाग्यच म्हणायचं. पण 2025 च्या ऑक्टोबरात अलामोच्या अधिकृत खात्यावरून मूळ रहिवाशांच्या दिनाच्या शुभेच्छा गेल्या, तर राज्यातल्या वरिष्ठांनी आक्षेप घेतला आणि ती पोस्ट काढून टाकली गेली. त्यानंतर काही दिवसांतच, अलामोचा कारभार पाहणाऱ्या ट्रस्टच्या प्रमुख बाईंनी डॉक्टरेटच्या प्रबंधात काय लिहिलं होतं यावर बोट ठेवून लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी त्यांचा राजीनामा मागितला. त्यांनी तो दिला, आणि मग कोर्टात गेल्या. ज्या लोकांनी दगड फोडला, ज्यांच्या अस्थी फरशीखाली आहेत, त्यांना वर्षातून एका दिवसाच्या शुभेच्छाही जड व्हाव्यात?

कोणी म्हणेल, तुम्हाला काय पडलंय टेक्सासचं? मला पडलंय, कारण वसईत हेच रोज समोर असतं. फेब्रुवारी ते मे 1739, चिमाजी अप्पांचा वेढा, सुरुंग, बुरुजाला पडलेलं खिंडार, शेवटी पोर्तुगीजांची शरणागती. हा मराठ्यांचा मोठा विजय आहे आणि मी तो वर्गात अभिमानानेच शिकवला. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि मेणवलीची घंटा वसईहून गेल्याचं मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकत. पण किल्ल्यात फिरताना त्याच मुलांना मी चर्चच्या फरशीवरचे मृत्युलेखही दाखवत असे. चर्चचा दगड इथल्याच कोणी घडवला, चुना इथल्याच कोणी मळला, हेही सांगत असे. लढाईनंतर पोर्तुगीज गेले, पण ख्रिस्ती झालेले शेतकरी, कोळी, सामवेदी, वाडवळ आपापल्या गावात राहिले. त्यांच्या पोरांना मी शिकवलं, मी स्वतः त्यांच्यातली. आज किल्ल्यात मे महिन्यात विजयाचा उत्सव होतो आणि गोन्सालो गार्सियाचा सणही होतो. दोन्हीला माणसं जातात, काही तर दोन्हीला जातात. चिमाजी अप्पांचा पराक्रम यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. वसईतही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पाटी लावताना कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावरून आमच्याकडेही आवाज चढतात. पण दुसऱ्याचं नाव पाटीवर येणं म्हणजे आपला अपमान, असं मानणाऱ्यांच्या हाती किल्ला द्यायचा नाही, एवढं शहाणपण आम्ही टिकवलं पाहिजे. टेक्साससारखं श्रीमंत राज्य ते का टिकवू शकत नाही?

ट्रॅव्हिसच्या शौर्याला कोणी हात लावत नाही. तो आणि त्याची माणसं निसटून जाऊ शकत होती, राहिली आणि मेली. ते शाळेत शिकवावं, जरूर शिकवावं. पण शौर्याच्या नावाखाली जोची हकिगत झाकायची, एस्पार्साच्या भावाची विनवणी झाकायची, हजार माणसांची दफनभूमी झाकायची, हे त्या मेलेल्यांनाही शोभणारं नाही. तेरा दिवसांच्या लढाईला खरा अर्थ येतो तो आधीच्या 118 वर्षांमुळे. ज्या भिंतीमागे ते उभे होते ती भिंत कोणी तरी उभारली होती.

अलामोसमोर 1930 च्या दशकात उभारायला घेतलेलं संगमरवरी स्मारक आहे, त्यावर वेढ्यात मेलेल्या रक्षकांची नावं कोरली आहेत. नव्या संग्रहालयाने त्याच आकारात, त्याच खोलीने, मिशनच्या दफनाच्या नोंदवहीतली नावं दगडात कोरावीत आणि दारातून आत आल्या आल्या पहिल्या भिंतीवर बसवावीत, ही माझी मागणी आहे. जोचं नावही त्या दालनात मोठ्या अक्षरांत हवं. दफनाची वही हरवलेली नाही, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदीही शिल्लक आहेत. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला राहणारे मराठी लोक मुलांना घेऊन सुट्टीत अलामोला जातातच. त्यांनी त्याच दिवशी वीस मिनिटं गाडी चालवून एस्पादाचा पाटही दाखवावा, आणि परतल्यावर संग्रहालयाला पत्र लिहून ही नावं मागावीत.